निवृत्तीची पुंजी सोन्या-चांदीत वळवताना: गोव्यातल्या नव्या खरेदीदारासाठी पायरी पायरीने

अमेरिकेत निवृत्तीच्या खात्यातच सोन्याची नाणी ठेवायची सोय आहे. तिथल्या जाहिरातींचे व्हिडिओ फिरत फिरत आपल्या मोबाइलवरही येतात, आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला वाटतं, आपल्या पीएफचंही असंच काही करता येईल. तसं होत नाही. ईपीएफ (खासगी नोकरीतला पीएफ), जीपीएफ (सरकारी नोकरीतला), पीपीएफ किंवा एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), यांतल्या कुठल्याही खात्यात नाणं किंवा लगड ठेवता येत नाही. पैसा आधी खात्यातून काढावा लागतो, तो बचत खात्यात येतो, आणि मग तुम्ही शेटच्या, म्हणजे सराफाच्या, दुकानात इतर कुणाहीसारखं गिऱ्हाईक म्हणून उभे राहता. निवृत्तीनंतर बाहेर आलेली रक्कम पुन्हा त्या खात्यात भरता येत नाही, म्हणून घाई नको.

सोनं घेणं सोपं आहे. दहा वर्षांनी ते विकताना, किंवा तुमच्या पश्चात मुलांनी लॉकर उघडताना, अडचणी येतात. खालच्या सगळ्या पायऱ्या तो दिवस डोळ्यांसमोर ठेवून लावल्या आहेत.

पायरी १: पैसा कुठून काढायचा ते ठरवा

सगळ्या खात्यांतला पैसा सारख्याच खर्चाने बाहेर येत नाही. सलग ५ वर्षांहून जास्त नोकरी झालेली असेल तर निवृत्तीनंतर मिळणाऱ्या ईपीएफवर कर नाही. सरकारी नोकरांचा जीपीएफ, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचा काही भाग विकून मिळालेली एकरकमी रक्कमही करमुक्त असते. खासगी नोकरीतल्या ग्रॅच्युइटीला २० लाखांची मर्यादा आहे. पीपीएफची १५ वर्षं पूर्ण झाली असतील तर तो पैसाही पूर्ण करमुक्त येतो.

एनपीएसचं वेगळं आहे. सरकारी कर्मचाऱ्याला वयाच्या साठीला साधारण ६० टक्के रक्कम एकरकमी मिळते, उरलेल्या पैशांतून मासिक पेन्शन घ्यावी लागते. खासगी क्षेत्रातल्या सदस्यांना डिसेंबर २०२५ च्या बदलानंतर याहून जास्त रक्कम एकरकमी काढता येते. मात्र ६० टक्क्यांच्या वरच्या भागावर किती कर बसेल, हे काढण्याआधी आपल्या सीएकडून लेखी घ्या.

सोन्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला हात लावू नका. खातं उघडल्यापासून वर्षाच्या आत मोडलंत तर व्याज मिळत नाही, आणि दिलेलं व्याजही मुद्दलातून कापून घेतात. एक ते दोन वर्षांत मोडलंत तर मुद्दलाच्या दीड टक्का जातो, दोन वर्षांनंतर एक टक्का. आणखी एक गोष्ट ५५ ते ६० च्या दरम्यान निवृत्त होणाऱ्यांसाठी: निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांतच तुम्हाला या योजनेत पैसे टाकता येतात. आधी सोनं, मग योजना, असं करताना ही मुदत निसटते आणि साठी येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून योजनेचा अर्ज आधी भरा.

पायरी २: किती वळवायचं

आमचं मत स्पष्ट आहे: एकूण पुंजीच्या १० ते १५ टक्के, त्याहून जास्त नाही. सोनं व्याज देत नाही, भाडं देत नाही. महिन्याचं वाणसामान, औषधं, वीज बिल हे सगळं पेन्शन आणि व्याजातून भागलं पाहिजे. घरात आधीच दागिने असतील तर त्यांचं वजनही या १५ टक्क्यांत धरा.

भाव नेहमी चढतोच असं मानू नका. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलं आणि त्यानंतर वीस वर्षांनी ते तीनशेच्याही खाली होतं. चांदी एप्रिल २०११ मध्ये ४८ डॉलरच्या वर होती, २०१५ च्या अखेरीस १४ च्या आसपास. इथल्या भावात सरकारी शुल्कही असतं: २३ जुलै २०२४ ला आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं आणि त्याच दिवशी देशातला भाव खाली आला. आदल्या दिवशी सगळी रक्कम एकदम टाकलेल्यांना त्याचा फटका बसला. म्हणून ठरवलेली रक्कम आठ-दहा हप्त्यांत, दर महिन्याच्या ठरावीक तारखेला गुंतवा. दसरा, अक्षय तृतीया, गुरुपुष्य या दिवशी मुहूर्ताचं एखादं नाणं हौसेने घ्यावं, पण मोठी खरेदी गर्दीच्या दिवशी करू नये. त्या दिवशी काटा आणि बिल नीट पाहायला दुकानात जागाही नसते.

पायरी ३: कोणत्या रूपात घ्यायचं

दागिना ही बचत नव्हे. घडणावळ ८ टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंतही जाते आणि विकताना त्यातला एक रुपया परत येत नाही. खडे, मीनाकारी असेल तर त्यांचं वजनही वजा होतं. घरच्यांसाठी दागिना जरूर करा, फक्त तो निवृत्तीच्या हिशेबात धरू नका.

उरतात नाणी, वेढणी, लगडी आणि चांदी.

नाणी: ९९९ किंवा ९९९.९ शुद्धतेची, सीलबंद कार्डातली. ५, १० आणि २० ग्रॅमची घ्या. १ ग्रॅमच्या नाण्यावर प्रत्येक ग्रॅममागे घडणावळ सगळ्यांत जास्त पडते, ती भेट देण्यापुरती बरी. एमएमटीसी-पॅम्प या कंपनीची नाणी, किंवा अशोकचक्राचं चिन्ह असलेलं, २०१५ मध्ये सुरू झालेलं सरकारी 'भारतीय सुवर्ण नाणं' ओळखायला सोपं आणि विकायलाही.

वेढणी: चोख सोन्याचं साधं वळं. घडणावळ कमी असते आणि ओळखीचा शेट ती विनातक्रार परत घेतो. पण सील नसतं, म्हणून दुसऱ्या दुकानात कस लावल्याशिवाय घेत नाहीत.

लगड किंवा बिस्किट: १०० ग्रॅमवर घडणावळ अगदी कमी. तरी नव्या माणसाने ते घेऊ नये, याला दोन कारणं आहेत. एक लाखाची गरज पडली तर बिस्किटाचा तुकडा पाडता येत नाही. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार लगड-बिस्किटावर बँक कर्ज देत नाही. कर्ज मिळतं ते दागिन्यांवर आणि नाण्यांवर, तेही एका कर्जदाराला नाणी एकूण ५० ग्रॅमपर्यंतच. दवाखान्याचं बिल अचानक आलं तर सोनं विकण्यापेक्षा गहाण ठेवणं बरं पडतं. ती वाट मोकळी ठेवायची असेल तर निदान ५० ग्रॅम नाण्यांतच असू द्या.

चांदी: ९९९ शुद्धतेची, १०० ग्रॅम ते १ किलोची. भाव सोन्यापेक्षा जोरात वर-खाली होतो आणि परत घेताना दुकानं जास्त कापतात. धातूतल्या एकूण गुंतवणुकीचा चौथा हिस्सा चांदीत पुरे. समया, ताटं, निरांजनं ही बचतीची चांदी नाही. त्यांची शुद्धता भांड्यागणिक वेगळी असते आणि विकताना बऱ्याचदा भांडं वितळवून मगच हिशेब होतो.

मोबाइलवरच्या 'डिजिटल गोल्ड'बद्दल एवढंच: त्यावर सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचं, नियंत्रण नाही, असा इशारा खुद्द सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. सोन्याच्या भावाशी बांधलेल्या सरकारच्या सार्वभौम सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ च्या मालिकेनंतर झालेली नाही. दुकानांच्या ११ महिन्यांच्या भिशीसारख्या योजनांत तुमचे पैसे दुकानदाराकडे विनातारण असतात, दुकान बंद पडलं तर तुम्ही दुकानाकडून पैसे येणं असलेल्या इतरांच्या रांगेत.

पायरी ४: खरा खर्च मांडून पाहा

दुकानात पाऊल ठेवण्याआधी हा हिशेब कागदावर करा. सोयीसाठी ग्रॅमचा भाव १०,००० रुपये धरू आणि ५० ग्रॅमची नाणी घेऊ.

सोन्याची किंमत ५,००,०००. नाण्याची घडणावळ ३ टक्के, म्हणजे १५,०००. या दोन्हींच्या बेरजेवर, ५,१५,००० वर, ३ टक्के जीएसटी म्हणजे १५,४५०. हातातून गेले ५,३०,४५० रुपये.

आता तीच नाणी दुसऱ्या दिवशी विकायला नेलीत, भाव तोच आहे, आणि दुकानाने २ टक्के कापले, तर मिळतील ४,९०,०००. एका रात्रीत ४०,४५० रुपये गेले. मुद्दल सुटायलाच भाव सव्वाआठ टक्क्यांनी चढायला हवा. म्हणून जो पैसा पाच वर्षांच्या आत लागणार आहे, मुलीच्या लग्नाचा, घराच्या छपराचा, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा, तो इकडे आणू नका.

या हिशेबात तुमच्या हातात दोन आकडे आहेत: घडणावळ आणि परत घेतानाची कपात. भाव आणि जीएसटीवर घासाघीस होत नाही, या दोन्हींवर होते. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को, तुम्हाला जवळ पडेल तिथल्या तीन दुकानांत एकाच दिवशी विचारा, कारण भाव रोज बदलतो. विचारायचे प्रश्न असे:

"चोवीस कॅरटचा आजचा भाव काय? जीएसटी धरून की सोडून?"
"दहा ग्रॅमच्या नाण्यावर घडणावळ किती?"
"हेच नाणं परत आणलं तर कोणत्या भावाने घ्याल? रोकडा बँकेत जमा कराल, की बदली दागिनाच घ्यावा लागेल?"

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बिलावर लिहून मागा. अनेक दुकानं दागिना घेतला तर पूर्ण भाव देतात, पैसे हवे असतील तर कापतात. निवृत्त माणसाला पैसेच हवे असणार, हे लक्षात ठेवून दुकान निवडा.

बोलण्यात तोळा आला की थांबा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, दुकानातला आजचा तोळा बहुतेक वेळा १० ग्रॅमचा. भाव एका तोळ्याचा आणि वजन दुसऱ्याचं असा घोळ होतो. सगळं बोलणं ग्रॅममध्येच करा.

बँकेतून नाणं घेतलं की चिंता नाही, असा समज आहे. शुद्धतेची चिंता नसते हे खरं. पण बँका विकलेलं नाणं परत घेऊ शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेने तशी मुभाच दिलेली नाही. घडणावळही तिथे जास्त असते. शेवटी ते नाणं घेऊन तुम्हाला शेटकडेच जायचं आहे.

पायरी ५: दुकानातली तपासणी

काटा तुमच्याकडे तोंड करून असू द्या. रिकामा असताना तो शून्य दाखवतो का पाहा, पंखा जवळ असेल तर बंद करायला सांगा, मिलिग्रॅमचे आकडे वाऱ्याने हलतात. दहा ग्रॅमचं सुटं नाणं असेल तर १०.००० च्या आसपास स्थिरावलं पाहिजे. सीलबंद कार्ड फोडून वजन करू नका, कार्ड फुटलं की परत विकताना भाव उतरतो. कार्डावरचा क्रमांक आणि नाण्यावर क्रमांक असल्यास तो, दोन्ही एकच आहेत ना ते पाहा. कडेला उष्णतेने चिकटवलेली रेघ अखंड हवी. बुडबुडे, पुन्हा चिकटवल्याचा पिवळसर डाग किंवा नखाने उचकटणारा कोपरा दिसला तर ते बाजूला ठेवा.

वेढणी किंवा सराफाने घडवलेलं सोनं असेल तर हॉलमार्कच्या तीन खुणा शोधा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरटला २२के९१६), आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतंत्र ओळख क्रमांक. खुणा इतक्या बारीक असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. भिंग दुकानदाराकडे असतंच, मागून घ्या. मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲप उघडून एचयूआयडी तिथेच टाका. सराफाची नोंदणी, ज्या केंद्रात तपासलं त्याचं नाव, वस्तूचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. ॲप 'अंगठी' दाखवतं आणि तुमच्या हातात वळं आहे, तर तो क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा आहे. इथे बरेचजण फसतात: क्रमांक खरा निघाला म्हणून समाधान मानतात, वस्तूचा प्रकार जुळवून पाहत नाहीत.

शंका उरलीच तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात थोडं शुल्क भरून कुणीही ग्राहक आपलं सोनं तपासून घेऊ शकतो. केंद्रांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर आहे.

पायरी ६: पैसे द्या, कागद घ्या

पैसे चेक, कार्ड किंवा एनईएफटीने द्या, आणि शक्यतो त्याच खात्यातून ज्यात निवृत्तीची रक्कम जमा झाली. दहा वर्षांनी कुणी विचारलं, की हे सोनं आलं कुठून, तर बँकेच्या पासबुकातली एक ओळ पुरते. २ लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याची सराफाला मुभाच नाही. पॅन टाळायला एकाच खरेदीची दोन बिलं करायचं कुणी सुचवलं तर नको म्हणा. करमुक्त, स्वच्छ पैशाला लपवाछपवीची गरज नसते, आणि तुटक्या बिलांमुळे उद्या तुमचाच हिशेब अडतो.

सोबत न्यायचं आणि घरी आणायचं ते असं:

- पॅन आणि आधारच्या प्रती
- ईपीएफ, जीपीएफ किंवा ग्रॅच्युइटी मंजुरीचं पत्र आणि ती रक्कम जमा झालेलं बँक विवरण
- छापील कर बिल: दुकानाचा जीएसटी क्रमांक, तुमचं नाव, वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि कर वेगवेगळ्या ओळींत, एचयूआयडी किंवा कार्डाचा क्रमांक
- पैसे दिल्याची पावती
- परत घेण्याची अट, शिक्क्यानिशी

यातल्या बिलाकडे जरा जास्त लक्ष द्या. कित्येक दुकानं बिल उष्णतेने छापणाऱ्या गुळगुळीत कागदावर देतात. गोव्याच्या हवेत दोन पावसाळे गेले की त्यावरची शाई फिकट होते आणि तिसऱ्या वर्षी कोरा, मळकट कागद हातात उरतो. घरी आल्या आल्या झेरॉक्स काढा, फोटो काढा, फोटो मुलांना पाठवा. मूळ बिल लॉकरमध्ये नाण्यांसोबत ठेवू नका. दोन्ही एकत्र गेली तर विमा आणि पोलीस, दोघांसमोर हात रिकामे.

नाण्यांना आणखी एका कारणाने बिल लागतं. विवाहित स्त्रीला ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीला २५० आणि पुरुषाला १०० ग्रॅम, एवढ्या सोन्याला कुणी विचारत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हे आकडे प्राप्तिकर खात्याच्या ११ मे १९९४ च्या सूचनेतले आहेत, आणि तिच्यात झडतीच्या वेळी एवढ्या वजनाचे दागिने जप्त करू नयेत, असं म्हटलं आहे. ती फक्त दागिन्यांपुरती आहे. नाणी, वेढणी, लगडी त्यात धरून चालू नका.

आखातातून येणाऱ्या मुलाला "दोन नाणी घेऊन ये" सांगणारी घरं गोव्यात पुष्कळ. शुल्कमाफी वर्षभराहून जास्त काळ परदेशी राहिलेल्यांना आणि तीही फक्त दागिन्यांना असते, नाण्याला आणि बिस्किटाला नाही. दाबोळीला उतरो की मोपाला, नाणं असेल तर शुल्काचं सामान दाखवायच्या लाल मार्गानेच (रेड चॅनल) बाहेर पडायचं आणि शुल्काची पावती जपायची. पुढे तीच पावती मालकीचा पुरावा ठरते. निवडणूक आचारसंहितेच्या काळात सोनं घेऊन राज्याची हद्द ओलांडायची असेल, मग ते पत्रादेवीला असो की पोळेला, तर बिल खिशात हवं.

पायरी ७: ठेवायचं कुठे

घरात नको. विशेषतः जिथे दोघंच वृद्ध राहतात किंवा घर सहा महिने बंद असतं, तिथे तर नकोच.

बँकेचा लॉकर घेताना करारपत्र वाचा. १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांत नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत. भाडं ३,००० असेल तर ३ लाख, आत १५ लाखांचं सोनं असलं तरी. पूर, वादळ, वीज यांत तेवढीही जबाबदारी नाही, म्हणून तळमजल्यावरच्या, पावसात पाणी शिरणाऱ्या शाखेत लॉकर घेऊ नका. बँक तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडण्याचा खर्च निघेल एवढी ठेव मागू शकते, पण त्यापलीकडे विमा पॉलिसी किंवा मोठी ठेव गळ्यात मारत असेल तर नकार द्या. लॉकर शिल्लक नसेल तर प्रतीक्षा यादीतला क्रमांक मागा, तो देणं बँकेवर बंधनकारक आहे.

पतसंस्थेचा लॉकर स्वस्त आणि घराजवळ असतो. पण रिझर्व्ह बँकेचे हे नियम बँकांना आहेत, पतसंस्थांना नाहीत. आम्ही तिथे ठेवणार नाही.

लॉकर नवरा-बायको दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो' या पद्धतीने घ्या आणि नॉमिनी नोंदवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरला एकामागून एक असे चार नॉमिनी देता येतात. वर्षातून एकदा तरी लॉकर उघडा. सात वर्षं उघडलाच नाही आणि तुमचा पत्ताही लागला नाही, तर भाडं भरत असूनही बँक नियमानुसार तो फोडू शकते. उघडल्यावर मोबाइलवर संदेश येतो, तो येत नसेल तर नोंदवलेला नंबर जुना आहे.

सोन्याला हवेचं काही होत नाही. चांदीला होतं. हवेतल्या गंधकामुळे ती काळी पडते आणि आपल्या दमट हवेत ते लवकर घडतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबर लावू नका, दोन्हींत गंधक असतं. हवाबंद पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, ती पुडी दर पावसाळ्यानंतर बदलायची. काळी पडलेली लगड चिंचेने किंवा पावडरने घासायची नाही: वजन कमी होतं आणि छाप झिजतो. काळपटपणाने शुद्धता घटत नाही, विकताना सराफाला ते ठाऊक असतं.

घराचा विमा असेल तर वगळलेल्या वस्तूंच्या यादीत 'बुलियन' (लगडी-नाण्यांतलं सोनं-चांदी) शब्द आहे का बघा. बहुधा असतो. कंपनीला वजन, क्रमांक लेखी कळवून वेगळी भर घालून घेतली तरच त्याला संरक्षण मिळतं.

पायरी ८: विकायची वेळ आली की

जिथून घेतलं त्याच दुकानात आधी जा, बिल घेऊन. नाणं कार्डातच असू द्या. यंत्रावर कस तपासायला दोन मिनिटं लागतात. तुमच्यासमोर तपासा म्हणा. आटवायला आत घेऊन जातो म्हणाले तर सोबत जा किंवा परत घ्या.

रोख मागू नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली तर दंड स्वीकारणाऱ्याला होतो, आणि इथे स्वीकारणारे तुम्ही आहात. दंड स्वीकारलेल्या रकमेइतकाच. पैसे खात्यातच घ्या. घरगुती सोनं विकताना तुम्हाला जीएसटी लागत नाही. कुणी तो कापत असेल तर चुकीचं आहे.

कर: २३ जुलै २०२४ पासून, २४ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या सोन्या-चांदीच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि वर उपकर. महागाईचा निर्देशांक लावायची सोय गेली. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिसळतो. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही हे ऐकून अनेकजण निश्चिंत राहतात, पण विशेष दराच्या या नफ्याला ती सवलत नाही. आई-वडिलांकडून आलेलं सोनं असेल तर खरेदीची किंमत आणि काळ त्यांच्यापासून मोजतात, म्हणून त्यांची जुनी बिलं फेकू नका.

पायरी ९: गोव्याचा कायदा, नवरा-बायको आणि मुलं

बाहेरच्या मार्गदर्शक लेखांत ही पायरी सापडणार नाही, आणि गोमंतकीय दांपत्याला हीच सगळ्यांत जास्त लागते.

पोर्तुगीज नागरी संहितेखाली, लग्नाआधी वेगळा करार न करता लग्न झालं असेल, तर मालमत्ता दोघांची सामाईक असते. बिल कुणाच्याही नावावर असो, पैसे कुणाच्याही खात्यातून गेलेले असोत, नाणी दोघांची अर्धी अर्धी. त्यातून प्राप्तिकरातली, आजवर कलम ५अ म्हणून ओळखली जाणारी तरतूद येते: पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं वाटून दाखवायचं. सोनं विकून २ लाख नफा झाला, तर १ लाख त्याच्या विवरणात, १ लाख तिच्या. ठेवींच्या व्याजाचंही तसंच. निवृत्तिवेतन मात्र पगारासारखंच धरतात, ते वाटलं जात नाही. यासाठी बायकोचा पॅन हवा, तिचं विवरणपत्र हवं, आणि साधा पहिला फॉर्म (आयटीआर-१) चालत नाही. विवरणपत्रातल्या 'पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का' या प्रश्नाला वर्षानुवर्षं चुकून 'नाही' लिहिणारी मंडळी आहेत. सोनं विकण्याच्या वर्षी हे उघड होतं. सिंधुदुर्ग किंवा बेळगावहून येऊन गोव्यात स्थायिक झालेल्यांना ही संहिता आपोआप लागू होते असं नाही, त्यांनी आपलं लग्न कुठे, कसं नोंदलं आहे ते दाखवून सीएला विचारावं.

दुसरी बाजू वारशाची. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याच्या हाती बँक लॉकर उघडून देते इतकंच. २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे, एक जोडीदार गेला की मागे राहिलेल्याचा अर्धा वाटा त्याचाच राहतो, आणि गेलेल्याच्या अर्ध्यातला निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो. मृत्युपत्राने देता येतो तो उरलेला निम्मा. म्हणजे ४० नाणी असतील तर २० मागे राहिलेल्याची, १० मुलांची राखीव, आणि केवळ १० नाण्यांबद्दल इच्छा लिहिता येते. "सगळं सोनं धाकटीला" असं मृत्युपत्र इथे टिकत नाही. हयातीत एका मुलाला गुपचूप दिलेली नाणीही पुढे वाटणीच्या वेळी हिशेबात आणली जाऊ शकतात. ज्याला द्यायची आहेत त्याला दोघांच्या सहीने, लिहून द्या. मृत्युपत्र घरच्या कागदावर न करता उपनिबंधक कार्यालयातल्या विशेष नोटरीसमोर, त्याच्या वहीत करा.

आणि एक वही घरात ठेवा. प्रत्येक नाण्यामागे एक ओळ: तारीख, वजन, शुद्धता, क्रमांक, दुकान, बिलाची रक्कम, कोणत्या शाखेतल्या लॉकरमध्ये. शेवटच्या पानावर लॉकरची किल्ली कुठे असते ते, आणि सीएचा फोन नंबर. ही वही कुठे आहे, हे जोडीदाराला आणि निदान एका मुलाला माहीत असू द्या.